माळावरचे गाव आणि त्याचे तळे

मुर्तिजापूरहून दक्षिणेची वाट धरली, की वऱ्हाडची सपाट भूमी दोन्ही बाजूंना पसरत जाते. कोठे कपाशी, कोठे तूर, कोठे सोयाबीन. बांधावर एखादे कडुनिंबाचे झाड. आणि जेथे काळी माती संपून मुरूम वर येतो तेथे गुडघाभर उंचीचे पिवळे गवत. वैशाखात या वाटेने जाणाऱ्याला दूरवर पाणी चमकत असल्याचा भास होतो. जवळ जावे तो पाणी आणखी दूर सरकते. संस्कृत कवींनी यालाच मृगजळ म्हटले. परंतु या वाटेच्या शेवटी एक पाणी असे आहे, की जे जवळ गेले तरी नाहीसे होत नाही. ते कारंजा लाड या गावाचे ऋषी तलाव होय.

या तळ्याची कथा गावातील थोरांच्या तोंडी आहे. इंग्रजांच्या काळातील गॅझेटियरातही ती नोंदलेली आढळते. करंज नावाचे एक ऋषी होते. त्यांना असाध्य रोग जडला. औषधे हरली, तेव्हा त्यांनी अंबादेवीची करुणा भाकली. देवीने आपल्या मंदिरासमोर त्यांच्यासाठी एक तळे निर्माण केले. ऋषींनी त्यात स्नान केले आणि त्यांची काया निर्मळ झाली. त्यांच्यावरून गावाला कारंजा हे नाव पडले. करंज हे एका झाडाचेही नाव आहे, आणि ते झाड पाण्याच्या काठी चांगले वाढते. पण गावाने झाडाऐवजी ऋषींचीच आठवण ठेवली, आणि गावांच्या स्वभावाला धरूनच ते झाले. 'लाड' हा शब्द मात्र माणसांच्या स्थलांतराची खूण आहे. दक्षिण गुजरातेस पूर्वी लाट देश म्हणत. तेथून आलेले व्यापारी ते लाड, असे मानले जाते.

कथा खरी की खोटी, हा प्रश्न येथे फारसा महत्त्वाचा नाही. ज्या भूमीत वर्षातील आठ महिने आकाशातून थेंब पडत नाही, तेथे साठवलेल्या पाण्याला लोक देवीचे दान समजतात, यातच त्या भूमीची सारी हकीकत आली. पाण्याशेजारी वस्ती झाली, वस्तीत बाजार भरला, बाजारामागून तटबंदी आली. दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आणि दिल्ली वेस अशी चार वेशींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. पहिल्या तीन वेशी शेजारच्या गावांकडे तोंड करून उभ्या होत्या. चौथीने मात्र एकदम दिल्लीचे नाव घेतले. माळावरच्या व्यापारी गावाची दृष्टी किती दूर पोहोचत होती, ते या एका नावावरून ताडता येते.

त्या काळी कारंज्याची श्रीमंती सर्वत्र गाजलेली होती. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडला, पण एवढी कस्तुरी घेणारा त्याला कोणी भेटेना. कारंज्याच्या लेकूर संघवी नावाच्या सावकाराने ती सगळीच्या सगळी विकत घेतली आणि त्या वेळी चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात मिसळायला लावली, अशी दंतकथा आहे. अशी कीर्ती लपून राहत नाही. १६७० च्या डिसेंबर महिन्यात शिवाजी महाराजांच्या सैन्याने हे मोगली मुलखातील गाव लुटले. लूट वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली आणि गावातील सर्वांत धनाढ्य सावकार स्त्रीवेश करून निसटला, असे इतिहासकारांनी लिहिले आहे.

सोने वाहून नेता आले. पण गावातील एक धन कोणाच्या नजरेस पडले नाही. ते होते जैन मंदिरांच्या भांडारांतील हस्तलिखितांचे. ही पोथ्यांची गाठोडी शतकानुशतके फडक्यात बांधून जपलेली होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. हिरालाल जैन आदी पंडितांनी ती उलगडली, तेव्हा विस्मृतीत गेलेले अपभ्रंश भाषेतील ग्रंथ उजेडात आले. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंत याचे 'जसहरचरिउ' हे काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले, आणि १९३१ मध्ये ते कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. संस्कृत-प्राकृताकडून मराठीकडे येताना भाषेने कोणती वळणे घेतली, हे कळण्यास अशा ग्रंथांचा मोठा उपयोग होतो. तळ्याने पाणी साठवावे तसे या भांडारांनी शब्द साठवून ठेवले होते.

आज कारंज्यास बाहेरगावची माणसे येतात ती बहुधा गुरुमंदिरासाठी. दत्त संप्रदायातील श्रीनृसिंहसरस्वती यांचा जन्म चौदाव्या शतकात याच गावी काळे घराण्यात झाला, अशी परंपरा आहे. मुंज होईपर्यंत हे मूल ॐकाराखेरीज काही बोलत नसे, असे 'गुरुचरित्र' सांगते. पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ही त्यांची स्थाने झाली. सोलापूर, नागपूर, पुणे अशा दूरदूरच्या गावांहून यात्रेकरू कारंज्यास येतात, भक्तनिवासात उतरतात, दर्शन घेतात, प्रसादाचे जेवण जेवतात आणि गावाचा निरोप घेतात. पूर्वी मुर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातलेल्या त्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. आता ती गाडी धावत नाही. यात्रेकरू मोटारीने येतात आणि मोटारीनेच जातात. त्यांच्यातील किती जण गावाबाहेरच्या माळावर पाऊल टाकत असतील?

फार थोडे. कारण माळ म्हणजे काहीच नसलेली जागा, अशी आपली सर्वांची समजूत आहे. सरकारी दप्तरांतही गवताच्या जमिनीला बहुतेक वेळा 'पडीक' हाच शब्द लावला जातो. जेथे पीक नाही आणि झाडही नाही, ती भूमी पडून राहिलेली, असा त्याचा अर्थ. कारंज्याजवळचा सोहोळचा माळ हा समज खोटा ठरवतो. सुमारे १८ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश २००० साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य म्हणून घोषित झाला.

पहाटे, दव उडून जाण्यापूर्वी, या माळावर प्रथम गवतच दिसते. मारवेल, पवन्या, कुसळी अशी त्याची नावे आहेत. कुसळीची टोके कपड्यांत शिरून पायाला टोचतात, म्हणून वाटसरू तिला शिव्या देतो. पण ती टोके म्हणजे तिची बी पेरण्याची युक्ती आहे. दमट हवेत त्या कुसळाला पीळ बसतो आणि उकलतो, आणि त्या हालचालीने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. मग वाऱ्यात हलणाऱ्या गवताच्या वर दोन पिळदार शिंगे दिसू लागतात. त्यांच्याखाली काळीभोर पाठ, पांढरे पोट आणि डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेला नर उभा असतो. त्याच्यापासून थोड्या अंतरावर बदामी रंगाच्या बिनशिंगी माद्या चरत असतात. नराचा हा काळा रंग जन्मतः नसतो. लहानपणी तोही मादीसारखाच बदामी असतो आणि वयाबरोबर काळवंडत जातो.

काळविटाचे सारे जगणे मोकळ्या जागेवर अवलंबून आहे. दाट रान त्याला सोयीचे नाही. वाघासारखा दबा धरून झडप घालणारा शत्रू रानात जवळ येईपर्यंत दिसत नाही. माळावर लांडगा कोसभरावरून दिसतो. डोळे आणि पाय ही काळविटाची दोन शस्त्रे आहेत. संकटाची चाहूल लागताच एखादी मादी हवेत उंच उसळी घेते, तिच्यामागून दुसरी उसळते, आणि क्षणात सारा कळप पळत सुटतो. ताशी ८० किलोमीटरांपर्यंतचा त्याचा वेग नोंदला गेला आहे. एवढा वेग लांडग्यापासून वाचण्यासाठी लागत नाही. त्याचा खरा पाठलाग करणारा होता चित्ता. भारतातून तो नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. २०२२ पासून मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडले आहेत, पण वऱ्हाडच्या माळावर चित्ता राहिलेला नाही. काळवीट मात्र त्याच वेगाने धावतो.

नवजात पाडस पहिले काही दिवस कळपाबरोबर धावू शकत नाही. ते गवतात अंग चोरून निश्चल बसते. आई दूर चरते आणि दूध पाजण्यापुरती परत येते. म्हणजे ज्या गवताला 'पडीक' म्हटले जाते, ते त्या पाडसाचे घर असते. तेथे नांगर फिरला, तर पाडसाला लपायला जागा राहत नाही. तेथे दाट झाडे लावली, तरीही तोच परिणाम होतो. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. झाडे लावणे हे पुण्यकर्म असे लहानपणापासून शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण माळावर खड्डे खणून रोपांच्या रांगा लावणे म्हणजे काळविटाच्या घरात भिंती घालणे होय. जंगल तोडणाऱ्याच्या हेतूबद्दल निदान शंका तरी घेता येते. माळाचे नुकसान मात्र पुष्कळदा सद्‌हेतूनेच झालेले आहे.

पावसाळ्यात या भागातील माळांवर एक विलक्षण पाहुणा येतो. त्याचे नाव तणमोर. तणात राहणारा म्हणून तणमोर. मोठ्या कोंबडीएवढा हा पक्षी एरवी नजरेस पडत नाही. पण विणीच्या दिवसांत नराला मादीचे लक्ष वेधावे लागते, आणि गवत तर त्याच्यापेक्षा उंच! तेव्हा तो जागच्या जागी चार-सहा फूट उंच उडी घेतो, हवेत पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या तो मारतो. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने अंडी घालते. गवताळ माळ जसे नांगराखाली गेले, तसा हा पक्षी दुर्मिळ होत गेला. आज जगातील अत्यंत धोक्यात असलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते.

तणमोर कोठे उतरतो, त्याची मादी कोठे बसते, हे पुस्तके वाचून सहजी कळत नाही. ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते लोक म्हणजे फासेपारधी. फासे लावून तितर, ससे, हरणे पकडणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा केला आणि त्याखाली पुढे अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारधी समाजालाही तो कलंक सोसावा लागला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या मनातील संशय लगेच गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी केली. कायदा आवश्यक होता. परंतु ज्यांचे पोट शिकारीवर होते त्यांनी पुढे काय करावे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतील काही पारधी वस्त्यांनी ते उत्तर स्वतः शोधण्यास प्रारंभ केला. त्यांनी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने आपल्याभोवतालचे माळ राखावयास घेतले. ठरलेल्या भागात गुरे सोडायची नाहीत. पक्ष्यांची वीण संपेपर्यंत आणि बी झडेपर्यंत गवतास विळा लावायचा नाही. ज्या डोळ्यांनी पूर्वी फास कोठे लावावा हे हेरले, तेच डोळे आता घरटे कोठे आहे ते हेरून त्यावर पहारा ठेवतात. शिकाऱ्याचे ज्ञान राखणदाराच्या कामी आले. हे काम सोपे नाही. राखलेल्या गवतावर शेजारच्या गुरांची नजर असते, उन्हाळ्यात वणव्याचे भय असते, आणि रिकाम्या पोटी पहारा फार दिवस होत नाही.

कारंज्यापासून हजारो कोसांवर, कॅनडा देशाच्या सस्कॅचेवान प्रांतात, असाच एक अफाट माळ आहे. त्याला प्रेअरी म्हणतात. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तेथे बर्फाचे प्रचंड थर होते. ते वितळले, तेव्हा सपाट जमिनीवर असंख्य लहानमोठी तळी मागे राहिली. त्या तळ्यांच्या काठी उन्हाळ्यात नगरवासी विश्रांतीसाठी येतात, म्हणून तेथील कायद्याने अशा गावांचा एक निराळा वर्गच केला आहे. 'विश्रामग्राम' असे त्याचे मराठी करता येईल. मॅनिटू बीच हे त्यांतील एक गाव. बारमाही वस्ती अवघ्या काही शेकडा माणसांची; उन्हाळ्यात मात्र तेथे पाहुण्यांची रीघ लागते. गावापुढील तळ्यात पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे ठेवते, म्हणून तळे समुद्राहून खारट झाले आहे. पोहता न येणारा माणूसही त्यावर तरंगतो. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे पाणी खारे आहे, त्याच्या मुळाशीही हेच कारण आहे. मात्र लोणारचा खड्डा उल्कापाताने झालेला आहे.

त्या तळ्याचीही एक कथा आहे. १८३७ च्या सुमारास प्रेअरीवर देवीची साथ आली. तेथील मूळ रहिवाशांपैकी काही तरुण आजारी पडले. चालवेना म्हणून त्यांना तळ्याकाठी मागे ठेवावे लागले. त्यांपैकी एक जण तापाने व्याकूळ होऊन पाण्यापर्यंत सरपटत गेला, पाणी प्याला, त्यात पडून राहिला, आणि बरा झाला. मॅनिटू म्हणजे त्यांच्या भाषेत दैवी शक्ती. कारंज्याच्या ऋषींची कथा त्या लोकांनी ऐकलेली नव्हती आणि त्यांची कथा कारंज्यापर्यंत आलेली नव्हती. दोन्ही ठिकाणी सपाट, तहानलेली भूमी होती आणि मध्ये एक तळे होते.

प्रेअरीचा पुढील इतिहास मात्र जाणून घेण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे आगगाडीबरोबर शेतकरी आले आणि त्यांनी गवताची भूमी भराभर नांगरून गहू पेरला. काही वर्षे कोठारे भरली. मग १९३० नंतर सलग अवर्षण पडले. गवताची मुळे पूर्वी जी माती धरून ठेवीत, तिला धरणारे आता काही उरले नव्हते. वाऱ्याने ती माती उचलली. भरदुपारी अंधार पडे, दारांच्या फटींतून धूळ घरात शिरे, कुंपणे मातीखाली गाडली जात. हजारो कुटुंबांनी शेते सोडली. १९३५ मध्ये कॅनडाच्या सरकारला खास कायदा करून या भूमीची पुन्हा उभारणी हाती घ्यावी लागली. त्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे नांगरलेल्या जमिनीवर पुन्हा गवत पेरणे, हा होता.

वऱ्हाडात तशी धूळ उडालेली नाही. काळी माती जड असते, आणि पाऊसही प्रेअरीपेक्षा अधिक पडतो. येथे माती वाऱ्याने नव्हे, पाण्याने जाते. म्हणून माळाचा आणि तळ्याचा संबंध येथे अधिकच जवळचा आहे. कोणत्याही गावतळ्याचे आयुष्य त्याच्या पाळीवर किंवा घाटाच्या दगडांवर जितके अवलंबून असते, तितकेच वरच्या अंगाच्या जमिनीवर अवलंबून असते. गाळ साचू लागला, की तळ्याची खोली घटते. पसरट व उथळ झालेले पाणी उन्हाने लवकर आटते. काठ तोच दिसतो, पाण्याचे दिवस मात्र कमी होत जातात. गाळ उपसण्यास खर्च येतो. तो येऊ न देण्याचे काम गवत फुकट करीत असते.

आता कारंज्याच्या माळावर एक नवी वाटही आली आहे. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या भागातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. नागपूरहून कारंज्यास येणारा यात्रेकरू आता पूर्वीच्या मानाने फार थोड्या वेळात पोहोचतो. ज्या प्राण्याने हजारो वर्षे केवळ वेगाच्या बळावर प्राण वाचवले, त्याच्यासमोर त्याच्याहून वेगवान वाहनांची अखंड रांग उभी राहिली. म्हणून या महामार्गावर वन्य प्राण्यांसाठी जागोजागी रस्त्याखालून व रस्त्यावरून वाटा ठेवल्या आहेत. काळविटाला मोकळे आकाश दिसले नाही तर तो पुढे पाऊल टाकण्यास कचरतो. त्यामुळे अशी वाट किती रुंद, किती उंच आणि किती उजेडाची असावी, हा अभियंत्यांनाही नवा अभ्यास आहे.

मृग नक्षत्र लागते. पश्चिमेकडून ढग येतात आणि पहिली जोराची सर माळावर कोसळते. अशा वेळी एखाद्या गावतळ्याच्या काठी, वरून पाणी जेथे येऊन मिळते तेथे उभे राहावे. नांगरलेल्या रानातून आलेला ओहोळ चहासारखा लालसर काळा असतो. त्यात हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. गवताच्या माळावरून आलेला ओहोळ थोडा उशिरा पोहोचतो. तो हळू येतो, आणि त्याच्या तळाचे खडे मोजता येतात.